भोपळा

अण्णांनी तम्माच्या पाठीला वाळका भोपळा बांधला,
सुंभाचे दोन वेढे काखेतून,
आणि दिला ढकलून माळ्याच्या विहिरीत.
मी काठावर कपडे राखत होते.
राखायला काय होतं तसं, एक चड्डी, एक बनियन.
"श्वास धर!" अण्णा वरून ओरडायचे
आणि काठावर बसून मी धरायचे.
पोरीच्या जातीला पोहणं कशाला, असं कुणी म्हटलं नाही.
भोपळा एकच होता, इतकंच.

आता त्रेपन्नाव्या वर्षी,
मुहर्रकच्या धक्क्यापासून तासभर आत,
माझ्या पाठीला लोखंडाचा भोपळा.
हा तरंगवत नाही. वर कमरेला शिशाचे चार ठोकळे.
पट्टे आवळणारी पोरगी माझ्या नमिताच्या वयाची,
नाव मोझा.
आमच्यात तो पायात घालतात, हे मी तिला सांगितलेलं नाही.
ती म्हणते, नियम एकच:
श्वास कधीही धरायचा नाही.

एकोणीस वर्षं मी या समुद्राची बिलं केली.
हिद्दच्या कारखान्यात तो गोड होतो, नळानं घरोघर जातो,
घनमीटरला इतके फिल्स, मागील बाकी, दंड.
कितीक इमारतींची तहान माझ्या तक्त्यात आहे.
मी प्यायले तोच, तुरीची डाळ त्यातच शिजवली,
पाय मात्र घोट्यापर्यंतच भिजवले,
तेही गावाकडून पाहुणे आले तर.

पाठमोरं पडायचं असतं.
पडले.

आधी नुसता माझाच आवाज.
घरघर आत, बुडबुड बाहेर,
जणू शेजारी कुणी म्हातारं माणूस झोपलंय
आणि त्याला उठवायचं नाही.
कानात दाभण शिरलं. नाक चिमटीत धरून फुंकलं,
लोणच्याच्या बरणीचं झाकण सुटावं तसा कान उघडला.
चित्रातलं निळं पाणी हे नव्हेच.
पालकाच्या पातळ भाजीतून बघावं असं हिरवट ऊन,
त्यात वाळू, आणि वाळूत शिंपले, तोंड मिटून,
वाढप्याची वाट बघत बसलेल्या पंगतीसारखे.
एक हामूर, आजवर बर्फावरच पाहिलेला, किलोच्या भावानं,
दगडाआडून माझ्याकडे बघत होता
बिल थकल्यासारखा.
मला इतकं हसू आलं की मुखवट्यात पाणी शिरलं.

मोझानं खुणेनं विचारलं, ठीक?
मी अंगठा उंच केला. झकास!
तिनं माझा दंड धरला आणि वर नेलं.

बोटीवर कळलं: इथं अंगठा म्हणजे वर चला.
आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे नाही म्हणणं,
आणि माझ्या आईचा तर अंगठा म्हणजे सही.
एका बोटाचे किती अर्थ वाहून आणते मी,
त्यातला एकही पाण्यात चालत नाही.
मोझा पोट धरून हसली. मग खजुराचं बी समुद्रात थुंकून म्हणाली,
तिचे आजोबा पायाला दगड बांधून उतरायचे,
एका श्वासात, दिवसातून कितीतरी वेळा.
डाव्या कानानं त्यांना पुढे काही ऐकू येत नसे.
उजव्या बाजूला बसूनच बोलायचं, असा घरात दंडक.

दुसऱ्यांदा उतरले तेव्हा हात छातीशी बांधून घेतले.
श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली.
वाळूपासून दोन हातांवर
कुठंच टेकलेली नव्हते मी.
किती वेळ, ते मोजलं नाही.
मोजण्याचाच पगार घेते मी, पण मोजलं नाही.

वर येताना सोळा शिंपले आणले.
बोथट सुरीनं मोझानं एकेक उघडला:
ओलं मांस, आतून चमकणारी भिंत,
एकात खेकड्याचं नखाएवढं पिल्लू.
मोती नाही.

रात्री तम्माचा फोन. विहिरीवर आता जाळी टाकलीये म्हणाला,
त्याचा गुडघा, डॉक्टरची फी, मग,
"काय मिळालं गं तुला तिथं खाली?"

"भोपळा," म्हटलं मी.
तो हसला.
हसू दिलं.
केसांतून अजून मीठ निघत होतं,
नळाखाली, माझ्याच तक्त्यातल्या पाण्यात.